गल्लीचं नेट

आमच्या गल्लीत रस्ता खोदायला माणसं आली की मी हातातलं काम भराभर उरकायला घ्यायची. आधी पाण्याची पाइपलाइन, मग गटार, मग पुन्हा तीच पाइपलाइन, कारण पहिली म्हणे पुरेशी खोल गेलीच नव्हती. जेसीबीनं जमिनीत दात घातला की सगळ्यात आधी तुटायची ती माझी इंटरनेटची केबल. धरणगावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, कॉलेजचे प्रवेश, आधारचा पत्ता, जे म्हणाल ते. नेट गेलं की माझं दुकान म्हणजे वीज गेलेली पिठाची गिरणी. केबलवाल्याला फोन केला की "निघालोच ताई" म्हणायचा, आणि तो निघालेला माणूस तिसऱ्या दिवशी उगवायचा. तोवर माझी गिऱ्हाइकं समोरच्या केंद्रात. समोरच्या म्हणजे अगदी समोरच्या, रस्ता ओलांडला की त्याची पायरी. त्याची रांग मी माझ्या खुर्चीत बसून बघायची आणि दातओठ खायची.

शेवटी जळगावला गेले आणि सिमकार्डवर चालणारा राऊटर घेऊन आले. विकणारा माणूस समजूतदार होता. त्यानं शांतपणे सगळं सांगितलं. मोबाइलसारखं ह्यात सिम घालायचं, नेट टॉवरवरून येतं, केबलचा संबंध नाही. दोन सिमची सोय आहे, दोन वेगळ्या कंपन्यांची घाला, एक झोपलं तर दुसरं उठतं. रोजचा डेटा ठरलेला असतो, तो संपला की नेट गोगलगाईसारखं चालतं. आणि ताई, पासवर्ड कुणाला देऊ नका, हे धंद्याचं नेट आहे. मी प्रत्येक वाक्याला मान हलवली. घरी येऊन एकच सिम घातलं. टॉवर तर बसस्टँडच्या मागंच उभा आहे, दुसरं कशाला, असा विचार केला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

पण राऊटरला मी नावं ठेवणार नाही. गुणी निघाला बिचारा. पंधरा दिवसांत पुन्हा खोदाई झाली, सगळ्या गल्लीची केबल तुटली, समोरच्याचीही, आणि एकट्या माझ्या दुकानात प्रिंटर करकरत होता. त्याची रांग उठून माझ्याकडे आली. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. मी मुद्दाम दार सताड उघडं ठेवलं, त्याला दिसावं म्हणून.

त्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या अक्का खाली आल्या. दुकानाची जागा त्यांचीच. "बाई, तुनं नेट भारी शे व," म्हणाल्या, "माले सुरतना नातूले फोनवर देखनं शे. थोडं आम्हले दिन्हं ते काय आटी जाई?" आमच्याकडे विरजण मागायला आलेल्या बाईची वाटी रिकामी परत पाठवत नाहीत. घरात चमचाभर दही असलं तरी त्यातलं अर्धं द्यायचं. मला वाटलं, तसंच हे. मी पासवर्ड कागदावर लिहून त्यांच्या हातात ठेवला. विरजण दिलं तरी उरलेल्या चमच्यातून आपलं दही पुन्हा लागतं; डेटाचं तसं नसतं, हे मला त्या विकणाऱ्यानं सांगितलं होतं की नव्हतं? सांगितलं होतं. पण भीड भिकेची बहीण. आणि नुसती भीड तरी कुठे? मला मोठेपणा हवा होता. बाईचं नेट, बाईचं नेट, असं गल्लीभर झालेलं मला आवडत होतं.

आठवड्याभरात तो कागद शिंप्याकडे गेला, गादीवाल्या चाचांकडे गेला, सलूनमध्ये गेला. माझ्या पायरीवर बसून लोक सिनेमे बघायला लागले. मला समजत नव्हतं असं नाही. एकदा चिडून पासवर्ड बदलला, तर तासाभरात अक्का ताटलीत भजी घेऊन खाली. "नेट रुसी गयं का व?" गरम भजी समोर, म्हातारी दारात उभी, काय बोलणार? दिला नवा पासवर्ड. दुपारी कधीकधी नेट रखडायचं. तेव्हा मी गिऱ्हाइकाला सांगायची, साईट स्लो आहे. आमच्या धंद्यात हे एक बरं असतं. काहीही बिघडलं तरी सरकारी साईटवर ढकलायचं. लोकांना पटतं, कारण बहुतेक वेळा ते खरंही असतं. पुढे पुढे मला स्वतःलाही ते पटायला लागलं.

ती मुलगी आली तो सोमवार होता, श्रावणातला. बारावी झालेली, गावाहून एस.टी.नं आलेली. आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. ओटीपीसाठी आईचा बटनांचा फोन तिनं रुमालात गुंडाळून आणला होता. तिला नर्सिंगला जायचं होतं, धुळ्याला. फॉर्मची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. एवढ्या उशिरा का, म्हणून मी तिच्यावर खेकसले. जातीचा दाखला शनिवारी संध्याकाळी मिळाला, असं ती हळूच म्हणाली. घरच्यांनी एकच वर्ष दिलं होतं तिला. ह्या वर्षी नंबर लागला तर शिकायचं, नाहीतर कामाला लागायचं, असं ठरलेलं. हे तिनं मला रडून नाही सांगितलं, फॉर्मातली माहिती सांगावी तसं सांगितलं.

आदल्या दिवशी कानबाई देवी बसली होती. खानदेशात कानबाईला घरची माणसं कुठंही असोत, तिच्या प्रसादाचे रोट खायला गावी येतात. अक्कांकडे सुरत, पुणे, नाशिक, सगळीकडून भाऊबंद गोळा झालेले. वर पाऊल ठेवायला जागा नव्हती. सोमवारी सकाळी विसर्जन निघालं, आणि जे येऊ शकले नव्हते त्यांच्यासाठी पोरीबाळींनी सगळी मिरवणूक फोनवरून थेट दाखवली. परत आल्यावर तेच व्हिडिओ इकडून तिकडे. रोट भाऊबंदकीच्या बाहेर देत नाहीत, घरातला उरलेला तुकडासुद्धा परक्याला चालत नाही. माझं नेट मात्र साऱ्या भाऊबंदकीला चाललं.

दुपारी दोनला आमचा फॉर्म अर्धा भरून झाला आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं. मार्कशीट चढेना. मी म्हटलं, शेवटचा दिवस, साईटवर लोड आलाय. पुन्हा लॉगिन केलं. फोटो लहान करून टाकला. राऊटरकडे बघितलं, तर हिरवे दिवे लागलेले, टॉवर पूर्ण. त्याच्यावर शंका घ्यायची मला गरजच वाटली नाही. माझ्या मोबाइलवरून नेट द्यायचं म्हटलं तर त्याचा डेटा मी कधीच बंद केला होता. दिवसभर दुकानात राऊटर असताना कशाला, म्हणून. मुलगी स्टुलावर बसून त्या चक्राकडे बघत होती. साडेतीनला तिनं विचारलं, "काकू, दुसरीकडे चालत असंल का?" मी सटकन म्हटलं, "आज सगळीकडे हीच बोंब आहे. बस, आता होईल." ती बसली. चारला दाराशी तिची कुणी मैत्रीण येऊन तिच्याशी काही कुजबुजून गेली, मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. साडेचारला मी तिला चहा दिला, तिनं तो हातातच धरून ठेवला. पाच वाजून दोन मिनिटांनी पान उघडलं आणि त्यावर लाल अक्षरांत आलं, मुदत संपली.

मग मला सुचलं. राऊटरचं पान उघडून आतल्या सिमचे मेसेज बघितले. आजचा डेटा संपला, असा मेसेज दुपारी पावणेदोनलाच आलेला. त्याच्या खाली तसेच कितीतरी, रोजचे. राऊटरच्या पोटातल्या सिमवर आलेले मेसेज वाचणार कोण? त्या विकणाऱ्यानं तेही कुठे बघायचं ते दाखवलं होतं. मी स्क्रीन अशी वळवली की मुलीला दिसू नये. साईट पूर्ण दिवस धडधडीत चालू होती. अडकलो होतो त्या फक्त आम्ही दोघी.

तिनं विचारलं, "काय झालं, काकू?"

"साईटच बंद पडली गं," मी म्हणाले. "आपल्या हातात काय आहे?"

तिनं कागद एकेक करून प्लास्टिकच्या पिशवीत घातले, फोन रुमालात बांधला आणि निघाली. "तुम्ही लई केलं, काकू," असं म्हणून गेली. वर अक्कांकडे हशा पिकला होता. मी जिना चढून गेले आणि त्या भरल्या घरात नको नको ते बोलले. कुणालाच कळेना, बाईला झालं काय. पासवर्ड बदलला, दुसरं सिम घातलं, मेसेज रोज सकाळी बघायला लागले. गल्लीला बंद म्हणजे बंद. अक्का म्हणाल्या, "एक फॉर्मसाठे बठ्ठी गल्ली तोडी टाकी तुनी." सगळी गल्ली म्हणे मी तोडली. अजून त्या माझ्याशी धड बोलत नाहीत. न बोलोत. मी त्यांच्यावर एवढी तुटून पडले ते कशासाठी, हे मला जिन्यावरच समजलं होतं. दोष वाटायला माणसं जास्त असली की आपल्या वाट्याला कमी येतो, असं वाटतं. येत नाही.

मुलगी जळगावला चटईच्या कारखान्यात लागली. हे मला तिच्या आईकडून समजलं. आई दाखल्यासाठी आली होती आणि सोबत शेतातली मेथी घेऊन आली, माझ्यासाठी. "पोरीसाठी तुम्ही दिवसभर बसल्या," म्हणाली. ती मेथी मी घरी नेली नाही. टाकलीही नाही. दोन दिवस दुकानात कोपऱ्यात पडून सुकली.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात मुलगी स्वतः आली, धाकट्या बहिणीचे कागद घेऊन. पिशवी तीच. अंगानं बारीक झाली होती, बोटांना चिरा पडलेल्या. "मुदतीला अजून आठ दिवस बाकी शेत," हसून म्हणाली, "ह्या वेळेला लवकर आली." तिनं कागद टेबलावर ठेवले आणि मला राहवलं नाही. वर्षभर गिळलेलं होतं सगळं. मी म्हटलं, "बाळा, त्या दिवशी साईट बंद नव्हती. माझं नेट संपलं होतं. मी तुला खोटं सांगितलं."

"माले माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं गं?" मी विचारलं.

"माझी मैत्रीण चार वाजता दाराशी येऊन सांगून गेली ना. समोरच्यांकडे तिचा फॉर्म पाच मिनिटांत गेला."

"अगं मग!" मी ओरडलेच. "समोर जायचं होतंस! रस्ता तर ओलांडायचा होता नुसता! उठली का नाहीस तू?"

तिनं खाली बघितलं. तिची चूक मी पकडली आहे, अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही इतकं करत होत्या. चहा दिला. तुमच्यासमोर उठून त्याच्या दुकानात गेली असती तर तुम्हाला किती वाईट वाटलं असतं."

तिनं बहिणीची मार्कशीट माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "भरा ना काकू, माझी दोनची गाडी शे."