लाल ठिपक्याचा चेंडू

रस्त्यातला खड्डा पाहून ज्याचा जीव सुखावतो असं आख्ख्या बदलापुरात एकच माणूस आहे, आणि ते म्हणजे माझी आत्या. आपण खड्डा दिसला की ज्याच्या त्याच्या नावानं बोटं मोडतो. आत्या रिक्षातून मान बाहेर काढून त्याची खोली आजमावते आणि म्हणते, "वाईट नाही, पण काठ ढासळलाय." कारण माझी आत्या गोल्फ खेळते. नुसती खेळत नाही, अंबरनाथच्या मैदानावर ती लागोपाठ अकरा वर्षं बायकांची विजेती होती. हे वाचल्यावर 'हौशी' हा शब्द राहिला म्हणून ती मला फोन करील, तेव्हा तोही लिहून टाकते. हौशी विजेती. एकदा आमच्या सोसायटीनं तिचा सत्कार केला, तेव्हा शाल आणि नारळ तिनं घेतला आणि पाकीट अध्यक्षांच्या हातात परत ठेवलं. "पैसे घेतले की हौस संपली," ती माइकवरच म्हणाली. अध्यक्षांना तो स्वतःचा अपमान वाटला आणि पुढे वर्षभर ते लिफ्टमध्ये तिच्याकडे पाठ करून उभे राहत.

आमच्या घराण्यात गोल्फ कुठून आला, असं कुणीही विचारतं. आमचं गाव वांगणीच्या पलीकडे डोंगराखाली, आजोबांची भातशेती, आणि खेळ म्हणाल तर विटीदांडूच्या पुढे आमची मजल नाही. आत्या शिकली आणि अंबरनाथच्या एका जुन्या कारखान्यात नकाशे काढायच्या विभागात लागली. तिथे एक दिवस जेवणाच्या सुट्टीत खिडकीची काच फोडून एक पांढरा चेंडू आला आणि तिच्या डब्यातल्या मुगाच्या उसळीत बसला. तो धुऊन, पुसून, आत्या तावातावानं कारखान्यामागच्या मैदानावर गेली. तिथे एक साहेब काठी घेऊन उभे होते. त्यांना ती म्हणाली, "एवढं मोठं मैदान पडलंय, आणि तुम्हाला माझाच डबा सापडला?" साहेब ओशाळून म्हणाले, "बाई, हे दिसतं तेवढं सोपं नाही. तुम्ही मारून बघा." आत्यानं पदर खोचला आणि लहानपणी खळ्यावर भात झोडायची तशी काठी डोक्यामागून आणून हाणली. चेंडू कुठे गेला ते कुणालाच दिसलं नाही. साहेबांनी टोपी काढली, आणि आत्याचा डबा त्या दिवसापासून मैदानावरच जाऊ लागला. पुढे मोठमोठ्या माणसांनी तिला मनगट असं धर, खांदा तसा ठेव म्हणून शिकवायचा प्रयत्न केला, पण ती शेवटपर्यंत भातच झोडत राहिली.

हे मैदान टीव्हीवर दिसतं तसलं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही उगाच हिरवंगार काहीतरी डोळ्यांसमोर आणाल. खड्डे नऊच, आणि प्रत्येक खड्ड्याभोवती हिरवळीऐवजी तेल शिंपडून दाबलेली वाळू. मधून एक नाला जातो. म्हशींना कुणी अडवत नाही. चेंडू शेणात पडला तर दंड न भरता उचलता येतो, असा तिथे लेखी नियम आहे आणि तो आत्यानं भांडून लिहवून घेतलाय.

तिनं लग्न केलं नाही. आजोबांनी आणलेल्या एका स्थळानं विचारलं होतं, "लग्नानंतर हे काठ्या फिरवणं सोडाल ना?" आत्यानं त्याला पोह्यांची बशी देत विचारलं, "तुम्ही जेवण सोडाल ना?" मग आजोबांनी स्थळं आणायचंच सोडलं. मांजर्लीतल्या तिच्या घरात एकही वाटी गोल नाही, कारण प्रत्येक वाटी कधी ना कधी फरशीवर आडवी पडून चेंडू झेलत आलेली आहे. अंतरं ती फटक्यांत मोजते. भाजीवाला तिच्या घरापासून एका फटक्यावर आहे, आणि हेंद्रेपाड्यातलं माझं घर "चार फटके, पण मधे वळण वाईट." एका संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून तिनं चेंडू ठेवायच्या लाकडी खुंट्या वाटल्या. बायकांनी त्या अत्यंत आदरानं घेतल्या आणि घरी जाऊन त्यांत उदबत्त्या लावल्या. उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं तेव्हा बोटीतल्या माणसानं सांगितलं, एकच पिशवी घ्या. आत्यानं काठ्यांची पिशवी घेतली. बाकी बोट कागदपत्रं छातीशी धरून बसली होती. "आजी, आधार कार्ड तरी घेतलं का?" त्यानं विचारलं. "ते दुसरं मिळतं," आत्या म्हणाली, "ही सात नंबरची काठी आता मिळत नाही."

आणि प्रामाणिकपणा म्हणाल तर इतका की तिच्याबरोबर पत्ते खेळणं ही शिक्षा. बदाम सात खेळताना ती मधेच पानं खाली ठेवून सांगणार, "मघाशी तुझं पान मला चुकून दिसलं, माझा डाव बाद." मग सगळे तिला समजावणार आणि चहा गार होणार. गोल्फमध्ये म्हणे पंच तुमच्या मागे फिरत नाही, आपली चूक आपणच सांगायची. हा नियम कळला त्या दिवशी आत्याला हा खेळ आपल्याचसाठी काढलाय असं वाटलं असणार. आपल्या प्रत्येक चेंडूवर ती लाल नेलपॉलिशचा ठिपका लावते, म्हणजे दुसऱ्याच्या चेंडूशी गल्लत नको. जन्मात तिनं नखाला रंग लावला नाही, पण नेलपॉलिशची बाटली तिच्या फ्रीजमध्ये कायम, आणि ठिपक्यावर ठिपका देत देत तो इतका जाड करते की डोळे मिटून अंगठ्याला लागावा.

आत्याच्या या कारकिर्दीचा निम्मा मान उल्हासनगरच्या भाभींना द्यायला हवा. त्यांचं साड्यांचं दुकान, आवाज दुकानाएवढाच भरलेला, आणि अकरापैकी अकरा वेळा फायनलमध्ये आत्याकडून हरलेल्या. तिथे खेळणाऱ्या बायका मोजून आठ-नऊ, त्यामुळे फायनलला या दोघी येणार हे म्हशींनाही माहीत. पाचव्या खड्ड्यापाशी करंजाखाली दोघी बसणार, भाभी आपल्या सिंधी दालपकवानचा डबा उघडणार, आत्या घावन काढणार, आणि खाऊन झाल्यावर पुन्हा एकमेकींच्या जिवावर उठणार. "ताई, एक बार तो हारो," भाभी दर वर्षी म्हणायच्या, "घरात सून विचारते, मम्मी, तुम्ही तिथे नक्की करता काय?"

गेल्या वर्षी आत्याच्या डोळ्यांचं लक्षण ठीक दिसेना. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, ते आपण गमतीवारी नेलं असतं. पण तिनं माझ्या नवऱ्याला शेजारचे समजून "या भाऊजी" म्हणत आत घेतलं, तेव्हा मी तिला डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यातला पार पिकलेला. डॉक्टर म्हणाले, लगेच करून टाकू, मग महिनाभर वाकायचं नाही आणि जोर लावायचा नाही. फायनल तीन आठवड्यांवर होती. "आधी फायनल, मग मोतीबिंदू," आत्यानं तिथल्या तिथे निकाल दिला. क्लबमध्ये एक लाकडी फळी आहे, तिच्यावर विजेत्यांची नावं रंगवतात. आत्याची अकरा नावं एकाखाली एक होती आणि खाली बरोबर एका नावाची जागा उरली होती. ती जागा तिला हवी होती. चौसष्टाव्या वर्षी पुढच्या वर्षाची खात्री कोण देणार, असं ती म्हणाली आणि मोतीबिंदूचं कुणाला सांगणार नाहीस म्हणून माझ्याकडून देवाशपथ वदवून घेतलं.

पिशवी उचलायला मीच जात होते, त्यामुळे सगळं जवळून पाहिलं. मैदान तिला स्वयंपाकघरासारखं पाठ. फटका बसल्याच्या आवाजावरून ती चेंडू कुठे गेला ते ओळखायची आणि पावलं मोजत बरोबर तिथे पोचायची. मी मात्र पिशवी सांभाळत तिच्या पाठीला चिकटून चालायचे. त्यात भाभींना काही महिन्यांपासून तोंड चालवायचं नवं व्यसन लागलं होतं. आत्यानं मारलं रे मारलं की यांचं सुरू, "अरे वा, नाल्याच्या अलीकडे पडला. म्हशीच्या शेपटीजवळ." आत्या वैतागायची. "भाभी हल्ली फार बोलतात," ती मला म्हणायची, "वय झालं त्यांचं."

जी कमी फटक्यांत चेंडू आत घालील तिचा खड्डा, असा हिशोब; फायनलला आठ खड्डे झाले तेव्हा दोघी बरोबरीत. नवव्यावर भाभींचा चेंडू वाळूवर जाऊन बसला आणि आत्याचा उजवीकडच्या उंच गवतात गडप झाला. मला काही तो दिसला नाही. तीन मिनिटांत सापडला नाही तर गेला, म्हणजे खड्डा भाभींचा, कप भाभींचा, आणि फळीवरची ती जागाही भाभींचीच. भाभींनी नुसतं गप्प राहायचं होतं. पण त्या हात लांब करून म्हणाल्या, "ताई, वो सूखा पेड है ना, त्याच्या मुळाशी. मैंने देखा." आत्या गवतात शिरली. मला गवताची म्हणजे खरं तर सापांची भीती, म्हणून मी काठावरच राहिले, आणि ही गोष्ट मला अजून खाते. झाडाच्या मुळाशी ती वाकली, पडलेल्या चेंडूला हात लावायचा नाही म्हणून नुसतीच पाहत थोडा वेळ तशीच राहिली, मग सरळ झाली आणि भात झोडला. चेंडू गवतातून उठला तो थेट वाळूवर, खड्ड्यापासून दोन हातांवर. पुढच्या हलक्या फटक्यात तो आत पडला. भाभींना आणखी दोन फटके लागले. आजूबाजूच्या पाच-सहा माणसांनी टाळ्या वाजवल्या. बारावं नाव लागलं, असं मीही मनात म्हटलं.

आत्यानं खड्ड्यातून चेंडू काढला आणि सवयीनं त्यावर अंगठा फिरवला. एकदा फिरवला, मग चेंडू वळवून पुन्हा फिरवला. मग ती भाभींकडे चालत गेली आणि चेंडू त्यांच्या हातात ठेवून म्हणाली, "हा माझा नाही. कुणाचा तरी जुना हरवलेला आहे. मी दुसऱ्याचा चेंडू मारला, खड्डा तुमचा."

भाभी हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, "छोडो ना ताई. किसने देखा?"

"मीसुद्धा नाही पाहिलं," आत्या म्हणाली, "तोच तर घोळ झाला."

भाभी तिथेच वाळूवर बसल्या आणि रडायला लागल्या. "चार महिने झाले मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "दुकानात तुम्ही लाल साडी मागितली आणि हातात हिरवी धरून छान म्हणालात. तबसे मैं बोलती हूँ ना, चेंडू कुठे पडला, कुठे पडला. अकरा वर्षांनी मिळाला तो असा मिळाला. मला नको हा कप."

आत्या त्यांच्या शेजारी बसली. माझ्याकडे तिनं मुद्दाम पाहिलं नाही, की तिला मी दिसलेच नाही, ते मला माहीत नाही. "भाभी," ती म्हणाली, "अकरा वर्षं नीट हरलात, आता नीट जिंका. डबा काढा, मला भूक लागली." मग दोघींनी नवव्या खड्ड्याच्या काठावर बसून दालपकवान खाल्लं. त्या वाळूवर बसायला सक्त मनाई आहे, पण त्या दिवशी कुणी हटकलं नाही.

पुढच्याच आठवड्यात डोळा झाला, नंतर दुसरा. औषधाच्या थेंबांची वेळ झाली की उल्हासनगरहून फोन यायचा, "डाला क्या?" फळीवर नाव रंगवायला माणूस आला त्या दिवशी दुसऱ्या डोळ्यालाही महिना झालेला होता, आणि नकाशे काढण्यात जन्म घालवलेली आत्या त्याच्या मागे उभं राहून "ओळ डावीकडे उतरतेय" असं सांगत होती. आपल्या अकरा नावांखाली भाभींचं नाव तिनं पुन्हा पुन्हा दुरुस्त करवून नीट लिहून घेतलं. मग मान वळवून तिनं शेजारी उभ्या असलेल्या भाभींकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. परत येताना रिक्षात मला म्हणाली, "भाभी किती म्हाताऱ्या झाल्यात गं. मला कुणी बोललंच नाही."

आता तिला सगळं दिसतं. माझ्या पडद्यांवरची धूळ दिसते, मैदानापलीकडे उगवलेल्या टॉवरांचे मजले मोजता येतात, आणि नाला स्पष्ट दिसत असल्यामुळे चेंडू हटकून त्यातच जातो, अशी तिची तक्रार आहे. ठिपका लावलेला चेंडू तर तिला नाल्याच्या पार म्हशीच्या पायांतही ओळखता येतो. तरीही मारून झालं की ती काठी खाली टेकवते, चेंडू गेला त्या दिशेला सोडून भाभींकडे तोंड करते आणि विचारते, "कुठे पडला हो?" भाभी कपाळावर हात धरून लांबवर पाहतात, थोडा वेळ घेतात, आणि अगदी नीट, खुणा देऊन सांगतात. मी पिशवी खांद्यावर घेते आणि दोघींच्या मागे चालू लागते.