बरणीतली गाठ

धाकट्या जावेच्या मांडीतली गाठ मी पहिल्यांदा पाहिली ती लोणच्याच्या बरणीत. माहेराहून परतले तर ओसरीवर शेजारच्या बायका जमलेल्या आणि दीर बरणी उजेडात धरून दाखवत होते.

"लिंबाएवढी हाय बघा. अर्ध्या तासात मोकळं केलं डॉक्टरनं."

बायका नाकाला पदर लावून वाकून बघत होत्या. बघून झाल्यावर तिथेच बसून चहाही प्यायल्या. गढूळ पाण्यात करडा गोळा, वर तवंग.

"भाऊजी, कशात घातलंय हे?"

"मिठाच्या पाण्यात. डॉक्टर म्हणला, तपासायची तर न्या नांदेडला. जाऊ म्हणलं सवडीनं. मिठात लोणचं वर्सभर टिकतंय, मंग हे काहून टिकणार न्हाई?"

गाठ कित्येक महिने वाढत होती. दुखत नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. तालुक्याच्या डॉक्टरने चाचपून चरबीची ठरवली आणि जागेवर भूल देऊन कापली. आधी ना सोनोग्राफी, ना एमआरआय.

बायका गेल्यावर जाऊ हळूच म्हणाली, "बाई, टाक्याखाली परत टणक लागून राहिलं."

मी हात लावून पाहिलं. खरंच टणक होतं. दुसऱ्या दिवशी तिला आणि बरणीला घेऊन नांदेडची एसटी धरली. कळमनुरीच्या पुढे बरणी गळायला लागली. समोरचा माणूस उठून मागे गेला.

"मावशी, सुकट नेऊन राहिल्या का?" कंडक्टर म्हणाला.

"व्हय. नासली."

लॅबमधल्या डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडून लगेच लावलं. "हे त्याच दिवशी फॉर्मॅलिनमध्ये ठेवून आणायचं. सडलंय सगळं. यातून काहीच कळणार नाही." तिथून आम्हाला संभाजीनगरला धाडलं.

तिथल्या सर्जनने मांडीवरचा आडवा व्रण पाहिला आणि ओठ आवळले. "आधी एमआरआय, मग सुईने तुकडा काढून तपासणी, चाकू सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे सुरुवातच चाकूने झाली."

त्यांनी एमआरआय केला, सुईने तुकडा काढला. मांसातला कॅन्सर निघाला. पहिल्या वेळी तो थोडा आत राहिला होता आणि त्या कापाकापीने आजूबाजूला पसरला होता. आता व्रणासकट भोवतालचं मांस काढायचं होतं. मोठी नस लागूनच होती.

जावेने एकच विचारलं, "पाय ऱ्हाईल का?"

"नस सुटली तर राहील. उघडल्यावरच कळेल."

नस सुटली. पाय राहिला. मांडीला मागून मूठ बसेल एवढा खड्डा पडला. नळीतून लालसर पाणी यायचं, पट्टी सोडताना वास यायचा. ड्रेसिंगची ट्रॉली दिसली की ऑपरेशनसाठी आलेले दीर टॉवेल नाकाला लावून बाहेर जायचे. बायकोच्या जखमेची त्यांना किळस यायची आणि मला त्यांची.

टाके निघाले त्या दिवशी ते म्हणाले, "वैनी, पाय तर ऱ्हायला. आता शेक कशाला? सोयाबीन उभं हाय."

रेडिएशनचे शेक घेतले नाहीत तर गाठ परत येण्याचा धोका मोठा आहे, हे सर्जनने त्यांच्यासमोरच बजावलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊ उशीला टेकून म्हणाली, "तुमी जा सोयाबीनला. मी शेक घेऊनच येते. बाई हायत इथं."

त्यांनी एकदाही 'राहू का' म्हटलं नाही. पिशवी उचलली आणि निघाले.

दार लागल्यावर तिने पांघरूण बाजूला सारलं. "धरा बाई मला. पाय टेकवून बघू."