आमच्या घरची प्रार्थना

मी देव मानत नाही, हे कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीतल्या देवांनासुद्धा माहीत होतं. आमच्या घरचा देवधर्म सगळा बायकोकडे. ती सीमाभागातली, पक्की लिंगायत. रोज आंघोळ झाली की तळहातावर इष्टलिंग घेऊन प्रार्थनेचं कन्नड वचन म्हणायची. त्याच वेळी मी अंगणात स्कूटरशी झुंजत असायचो. (बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या तेव्हा आमच्या ऐपतीत नव्हत्या!)

आमचा बसू महापालिकेच्या शाळेत दुसरीला होता. तिथल्या मोठ्या बाईंनी टूम काढली, शनिवारी प्रत्येकानं आपापल्या घरची प्रार्थना म्हणायची, बाकीच्या शाळेनं ती मागून म्हणायची. पालकांनाही बोलावणं होतं.

"बसू, पाठ हाय का रं?" मी विचारलं.

"व्हय अप्पा! रोज ऐकतोय की!"

बायको खूश. मी त्याहून खूश! निम्म्या गल्लीला सांगत सुटलो.

शनिवारी पहिल्यांदा शेजारची सुजाता उभी राहिली. घरचे बौद्ध. पोरीनं त्रिशरण असं म्हटलं की शाळेचा शिपाईसुद्धा हात जोडून उभा राहिला. मी तिच्या वडिलांच्या कानात म्हणालो, "झकास! आता आमचं पोरगं बघा."

बसू पुढं आला. आधी टेबलाला वाकून कपाळ टेकवलं. (ही पद्धत हिनं कधी शिकवली?) मग डोळे मिटून खणखणीत आवाजात सुरू झाला.

"अगं माझे आये!"

"अगं माझे आये!" अख्खी शाळा.

"आज एवढी सुरू हो!"

"आज एवढी सुरू हो!"

मी हळूच सुजाताच्या वडिलांच्या मागं सरकलो.

"साहेब यायच्या आत पोचव! नाटकं करू नगंस! न्हायतर भंगारात घालीन!"

"भंगारात घालीन!" शाळेची कौलं हादरली.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

मोठ्या बाईंनी चष्मा सारखा केला. "बाळ, कुठल्या देवीची ही?"

"म्हाईत न्हाय. आमचं अप्पा रोज म्हणत्यात. कपाळ टेकून, डोळं मिटून, हात जोडून."

"मग देवी पावते?"

"न्हाय बाई. मग अप्पा तिला लाथा घालत्यात!"

शेवटी सुजाताचे वडीलच कळवळून उठले, "बाई, स्कूटर हाय वो ती!"

पुढचा हशा म्हणे कोपऱ्यावरच्या रिक्षास्टॉपपर्यंत गेला. बाईंनी डोळे पुसत बसूच्या डोक्यावर हात ठेवला. "काही का असेना, इतक्या कळकळीनं आज कुणी म्हटली नाही!"

बसू धावत माझ्याकडं आला. "अप्पा, बरोबर म्हटलं न्हवं?"

तोंड एवढं फुललेलं, रागवायचं तरी कसं? त्याला उचलून घेतलं. "एक अक्षर चुकला न्हाईस, वाघा!"

"दोघंबी," बायको शांतपणे म्हणाली, "उद्यापासनं माझ्याम्होरं मांडी घालून बसायचं."

बसलो. बसूला वचन आठवड्याभरात पाठ झालं. मी अजून पहिल्या दोन ओळींच्या पुढं गेलेलो नाही. पुढं नुसतं गुणगुणल्यासारखं करतो, आणि शेजारून आवाज येतो,

"अव्वा, अप्पा नुसतंच ओठ हलवत्यात!"