बांगड्याचं खरं गाव

मेघना, जरा जवळ ये आणि आधी माझी बोलणी खा. विद्याताई गेल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि लगेच ठेवून दिलास. मी पिंपरीच्या बाजारात, हातात अर्धा साफ केलेला बांगडा... तो तसाच राहिला. पाच आठवडे झाले, तिच्या हाताखाली शिकलेली तू, एकदा तरी फिरकायचंस! फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून इथे बाजारातच चारचौघांत बसून लिहितेय.

आकुर्डीहून विद्याताई पहिल्यांदा आली ती तिच्या माशांच्या अभ्यासासाठी शेपटीचा एवढासा तुकडा मागायला. मी म्हटलं, "आख्खा मासा घ्या की बाई, शेपटीचं कालवण होतं होय?" हसत सुटली, सहा बांगडे घेऊन गेली. मग दर गुरुवारी यायची, त्या दिवशी गिऱ्हाईक नसतं ना. छोट्या कात्रीनं तुकडा कापायचा, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा, वर तारीख घालायची आणि विचारायचं, "मावशी, गाव?" मी म्हणायचे, "रत्नागिरी." आमचं गाव तिकडचं, गिऱ्हाइकालाही तेच आवडतं, इतक्या वर्षांत दुसरं नाव तोंडात आलंच नाही. खरं तर बराच माल तिकडे गुजरातेतल्या वेरावळहून यायचा.

तिनं मला समजावलं होतं. दिसायला सगळे बांगडे सारखे, पण अंगातल्या जनुकांत बारीक खुणा असतात, त्यावरून कोण कुठल्या कळपाचा ते कळतं. एक कळप जाळ्यांनी संपवला, तर दुसरा त्याची जागा भरायला येईलच असं नाही. म्हणून किती पकडायचे ते ठरवण्याआधी कोण कुठला ते ठाऊक हवं. एकदा धावतच आली. "मावशी, तुमच्या रत्नागिरीच्या बांगड्यात दोन घराणी निघाली!" केवढी खूश होती... आणि मी नुसता बर्फ सारत राहिले.

शेवटच्या गुरुवारी हळूच म्हणाली, "मावशी, सगळे नक्की रत्नागिरीचेच ना?"

"म्हणजे काय! माझ्यावर भरवसा नाही?"

"तसं नाही हो..." कात्री वजनकाट्याशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि गेली. तिला कळलं होतं का गं? तेच मला स्वस्थ बसू देत नाही. जेवता जेवता उठते, धुतलेली पाटी परत धुते.

ऐक. प्रत्येक खोक्यावर माल कुठे भरला त्याची चिठ्ठी असते, तारखेसकट. त्या सगळ्या मी तारेला ओवून ठेवल्यात. बाटल्यांवरच्या तारखांशी जुळतील. पण ओल लागून शाई उडत चाललीय. कात्री अजून खिळ्यालाच आहे. शेजारणीनं माशांचे पर कापायला मागितली, दिली नाही. येत्या गुरुवारीच ये, तिची वही घेऊन. मी चिठ्ठ्या वाचते, तू माझं रत्नागिरी खोड.