टोपलीवरची दुपटी

काल नातसुनेने शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून पणतवाची दुपटी वाळत घातली. त्यांचा तो उबट वास आला.

बेचाळीसचा पावसाळा. लोणावळ्यात पुस्तकांनाही बुरशी धरायची, म्हणून बाजारातले पुस्तकवाले काका ती अशाच टोपलीवर शेकवत. दुपारी आम्ही बायका त्यांच्या दुकानात जमायचो. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मी वाचायला शिकले ती तिथेच. त्या दिवशी पाळी माझी होती आणि हातात सरकारने बंदी घातलेली पुस्तिका.

दारात हवालदार दिसला. मी पुस्तिका टोपलीवर, तिथेच वाळत घातलेल्या माझ्या बाळाच्या ओल्या दुपट्यांखाली सरकवली. त्याचा साहेब रस्त्यावर छत्री धरून उभा होता. हवालदाराने पुस्तकांच्या फळ्या उपसल्या आणि मग दुपट्यांवर पंजा ठेवला. तो पंजा उचलेचना. खालून कागद तापल्याचा वास येऊ लागला. काकांचे ओठ पांढरे पडले होते.

"बाई, इस्तू लय झालाय," तो शेगडीतल्या निखाऱ्यांकडे बघत हळूच म्हणाला. "आदी टोपली उतरवा. जळंल."

मग बाहेर ओरडला, "हितं काय न्हाई, साहेब!"

हाताखालची पुस्तिकाही त्याला कळली नाही, म्हणून तो गेल्यावर आम्ही बायका त्याच्या खुळेपणाला हसलो. पुढे कितीतरी वर्षं हसत होतो.

काल दुपटी वाळली का, म्हणून मी तसाच पंजा ठेवून पाहिला. सगळं मऊ लागलं. कुठे एक कोपरा टोचला नाही. त्याला तेव्हा टोचला असणार.