राहत्या खोलीतला शॉवर

वृद्धाश्रमात त्याला सगळे ‘धबधबे’ म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हे, उद्योगावरून पडलेलं नाव. ऊन तापायला लागलं की रिकाम्या खोल्यांमधून फिरायचं आणि तिथले नळ, शॉवर उघडून पाणी वाहू द्यायचं, हे त्याचं काम. गच्चीवरची टाकी तापते, भिंतीतले पाइप तापतात, आणि न वापरलेलं पाणी त्यात कोमट होऊन साचलं की न्यूमोनियाचे जंतू वाढतात. असं पाणी पिण्यापेक्षा त्याच्या तुषारांचीच भीती जास्त, कारण ते श्वासातून थेट छातीत जातात. तरण्याताठ्या माणसाचं एक वेळ निभावेल, पण इथे सगळी पिकली पानं.

हे आल्यागेल्याला सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला होता. लोकांना दिसायचं ते एवढंच, की हा बाबा दिवसभर पाणी वाया घालवतो. बायकोही म्हणायची, “घरी तरी नळ बंद ठेवत जा हो.” तरुणपणी त्याने बांधकामांवर खांद्यावरून पाइप वाहिले होते आणि आता गुडघ्यांनी संप पुकारला होता. शॉवरला प्लास्टिकची पिशवी बांधून तिचा कोपरा कापायचा, म्हणजे तुषार उडत नाहीत. त्यासाठी वर हात करा, खाली वाका, पुन्हा उठा. जिना चढताना लोक देवाचं नाव घेतात. तो गुडघ्यांचं घ्यायचा, आणि तेही शिवी घालून.

दुपारचा चहा मात्र वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळे त्यांना बाईच म्हणत. ज्यांचं त्यांना स्वतःचं करता येतं त्यांनाच वर स्वतंत्र खोली मिळे. बाकीच्यांच्या खाटा तळमजल्यावरच्या दालनात ओळीने मांडलेल्या. त्या दालनाला बाई मरणापेक्षा जास्त भीत.

“काय धबधबे, आज किती नद्या सोडल्यात?”

“टोमणे मागाहून मारा बाई. आधी चहा.”

बाईंचा शॉवर त्याने कधीच उघडून पाहिला नव्हता. माणूस राहतोय म्हणजे पाणी वाहणारच, असा त्याचा सरळ हिशेब. या कामातल्या बहुतेकांचा तोच असतो.

एके दुपारी बाई अगदी हरखून बसल्या होत्या. संध्याकाळी मुलगी येणार होती, फार दिवसांनी. पलंगावर घडीचे कपडे काढून ठेवले होते.

“तुम्ही गेलात की न्हाणार आहे,” त्या म्हणाल्या. “चांगली डोक्यावरून, शॉवरखाली. किती महिन्यांनी!”

त्याचा कप ओठांशीच थांबला. “महिन्यांनी? म्हणजे?”

बाई ओशाळल्या. त्याला दार लोटायला लावलं आणि मग हळूच सांगितलं. थंडीत एकदा बाथरूममध्ये पाय सटकला होता. तेव्हापासून तिथे उभं राहायचा धीरच होत नव्हता. बेसिनवर टॉवेल भिजवून त्या अंग पुसून घेत होत्या. “आज भिंत धरून उभी राहीन. लेकीला कळायला नको.”

तो उठला आणि शॉवरला पिशवी बांधून त्याने तोटी फिरवली. आधी गढूळ पिचकारी आली, मग कोमट पाणी. रिकाम्या खोल्या धुवत राहिलो आणि जिवंत माणसाकडे बघितलंच नाही, असं त्याला वाटलं.

“आज न्हायचं नाही बाई. हे बाथरूम आता बंद. पाणी तपासायला पाठवावं लागेल, साहेबांना सांगावं लागेल.”

बाईंनी त्याची बाही धरली. “पाइप बिघडला म्हणा. तेवढंच म्हणा हो. नाहीतर मला खाली नेतील.”

“म्हणतो,” तो म्हणाला. खरंच म्हणणार होता.

व्यवस्थापकाच्या खोलीत पंखा गरम हवा ढवळत होता. “राहत्या खोलीत पाणी साचलंच कसं?” व्यवस्थापकाने विचारलं. धबधबे सकाळपासून जिने चढत-उतरत होता. पाइप म्हटलं की कुठला, कधी बिघडला, आधी का नाही सांगितलं, असं एकामागून एक रचत बसावं लागणार. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो आणि त्याच्या अंगातला सगळा संपला होता.

“बाई शॉवर वापरत नाहीत,” तो म्हणाला. “उभं राहवत नाही त्यांना.”

बोलून गेल्यावर त्याला बाईंनी धरलेली बाही आठवली.

बाईंना खाली दालनात हलवायला मुलीने संध्याकाळी लगेच होकार दिला. आईच्या भल्याचंच होतं ते. पुढे तपासणीत जंतू निघाले. व्यवस्थापकाने सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, जीव वाचवलात म्हणाला. ते खरंही होतं. पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बरेच दिवस त्याने तळमजला टाळला. मग एका दुपारी दोन कप घेऊन तो बाईंच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

“बाई, मी म्हणणार होतो हो पाइप बिघडला म्हणून.”

“माहितीये.” त्या वळल्या नाहीत. “थकला होतात ना?”

“फार.”

“मीही थकत होते, धबधबे. रोज. पण तुम्हाला तरी कधी कळू दिलं का?”