कालवांनी कापलेले हात

त्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या विहिरींनी तळ गाठला होता, म्हणूनही असेल, ते प्रकरण मला अजून तपशिलासह आठवतं. सत्तरच्या दशकातलं दुष्काळी वर्ष. मी भवानी पेठेच्या हद्दीत फौजदार होतो.

सकाळच्या हजेरीनंतर पेठेतल्या एका पानवाल्याने खबर आणली. शेजारचा गिरणी कामगार बायकोला घेऊन रजेवर गेला होता, तो काल एकटाच परतला. तळहात आणि गुडघे कापलेले. बायकोबद्दल विचारलं तर गप्प. दुपारी त्याच्या बायकोचे वडील सांगोल्याहून आले.

"सायेब, माझी पोर कुटं हाय, त्येवढं इचारा त्याला. मारली आसंल तर तसं सांगू द्या. पर कळू तर द्या."

नवऱ्याला ठाण्यात आणलं. माणूस तिशीच्या आतला. पट्टीचा बुडी मारणारा. विहिरीत घागर पडली की पेठ त्यालाच हाक मारायची. त्याच्या गाठोड्यात बायकोचं लुगडं सापडलं, फाटलेलं, पांढरट डागांचं. मी पंचनाम्यात लिहिलं, झटापटीच्या खुणा.

"बायको कुठं आहे?"

"हाय की. बरी हाय."

"जागा सांग."

"त्येवढं सोडून काय बी इचारा, सायेब."

तीन दिवस हेच चाललं. हवालदाराने डिवचून पाहिलं, "पळून गेली असली तर लाजू नको गड्या, तुझ्यासारख्याकडं ऱ्हायलीच कशी ते सांग." तो नुसता हसला. मी हातही उचलला. निर्दोष माणूस आरडाओरडा करतो, गप्प बसतो तो दोषी, असं माझं पक्कं मत होतं.

चौथ्या दिवशी रत्नागिरीकडून बदलून आलेला एक शिपाई त्याला जेवण देऊन बाहेर आला.

"साहेब, ही झटापट नाय. हे कालवांनी कापलंय. समुद्रातल्या खडकांना शिंपले चिकटून असतात. बुडी मारून वर येताना हात टेकलात की ब्लेडसारखे कापतात. लुगडंपण त्यांवरच फाटलंय, डाग मिठाचे."

मी लुगड्याचा पदर जिभेला लावला. खारट होता.

आत जाऊन मी जागा विचारली नाही. समुद्र कसा होता, एवढंच विचारलं. तो पहिल्यांदा सलग बोलला. विहिरी आटल्या, बुडी मारायला पाणी उरलं नाही, म्हणून गिरणीतल्या एका सोबत्याच्या गावी, समुद्रावर गेले. तो रोज खडकांपाशी बुड्या मारायचा. बायको दोन दिवस काठावर बसून होती. तिसऱ्या दिवशी तिथल्या बायकांकडून होडीची जुनी फळी मागून घेतली आणि लाटेवर पोटावर पडून किनाऱ्यापर्यंत येऊ लागली.

"माजी रजा सरली. ती म्हनाली, तुमी जावा. मला पंधरा दिस ऱ्हाऊ द्या. कुनाची सून न्हाय, कुनाची लेक न्हाय, निस्ती पान्यात ऱ्हाते. जागा कळली की बाप न्हेनार. म्हून शब्द दिला."

गावाचं नाव त्याने तेव्हाही सांगितलं नाही. ते मी गिरणीतून काढलं आणि तिथल्या ठाण्याला बिनतारी संदेश धाडला. उत्तर आलं, महिला सुखरूप, स्वखुशीने राहत आहे.

तेवढ्यावर प्रकरण मिटवता आलं असतं. मला कागद स्वच्छ हवे होते. मी सही करून कळवलं, समक्ष हजर करावे.

एका हवालदारासोबत ती एस.टी.ने आली. चेहरा रापलेला, केस मिठाने राठ. वडील रडले, मग म्हणाले, "चल आता घरी." ती माझ्याकडे वळली.

"म्या हरवले नव्हते, सायेब. आजून आठ दिस ऱ्हायले हुते."

मी जबाबावर तिचा अंगठा घेतला आणि नवऱ्याला सोडून दिलं. व्हरांड्यात त्याने तिला विचारलं, "मी हिकडं आल्यावर गेलतीस का पान्यात?"

"रोज. परवा लई मोठी लाट आलती. फळीवर उभी ऱ्हायले. दोनदा पडले, तिसऱ्यांदा ऱ्हायले."

"कुनी बगितलं?"

"कुनी न्हाय."

वडील फाटकाजवळ थांबले होते.

पुढच्या नोकरीत बेपत्ता झालेलं सज्ञान माणूस सापडलं, की मी जबाब ते असेल तिथेच नोंदवून घेतला आणि घरच्यांना 'सुखरूप आहे' एवढंच कळवलं. काहींनी शिव्या दिल्या, एकदा वरून खुलासाही मागवला गेला. गप्प माणसासमोर बसलो की तो कुणासाठी गप्प आहे, हे आधी शोधू लागलो. ते जोडपं पुन्हा समुद्रावर गेल्याचं माझ्या कानावर आलं नाही. त्या प्रकरणात गुन्हा घडलाच नव्हता. तिचे आठ दिवस मात्र माझ्या सहीने गेले.